पाहुणा मजकूर

पंचफुला मेश्राम अंधशाळेच्या ब्रेल विभागात लागली तेव्हा तिला वाटलं होतं, हे काम म्हणजे नुसती नक्कल. डोळसांचं पुस्तक समोर ठेवायचं, ब्रेलच्या बिजागरीच्या पाटीत जाड बदामी कागद अडकवायचा आणि टोचणीनं टिंबं उठवत जायचं. सहा टिंबांचं एक घर. त्यातली कोणती उठवली यावरून अक्षर ठरायचं. टोचायचं उलट्या बाजूनं, उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद पालटला की वाचणाऱ्याच्या बोटाखाली सगळं सुलट येतं. हात बसला की झालं.

"हात बसला म्हणजे अर्धंही झालं नाही, बाई," आनंदराव पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते.

आनंदराव विभागाचे प्रमुख. गाव बेसा, घरची शेती. लहानपणी गोवर निघाला आणि त्यात डोळे गेले. भाऊ वावरात राबायला लागले आणि यांना नागपूरला शाळेत आणून घातलं, ते तिथंच शिकले, तिथंच शिकवायला लागले, आणि आता पंचेचाळिशीला आले तरी शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. विभागात जे जे टोचलं जाई ते त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

"छापील पुस्तकात प्रकरणाचं नाव मोठ्या अक्षरात असतं," ते सांगत. "डोळ्याला एका नजरेत कळतं, हे मोठं, हे बारीक. बोटाला मोठं-बारीक नाही कळत. बोटाला फक्त जागा कळते."

म्हणून जागेचे नियम होते. प्रकरणाचं नाव ओळीच्या मधोमध, वरखाली एकेक ओळ कोरी. पोटमथळा थोडा आत. परिच्छेद दोन घरं सोडून. पानाखालची टीप खाली नाही ठेवायची, जिथं तिची खूण असेल तिथंच कंसात घालायची, कारण बोट खाली जाऊन परत वर आपली ओळ शोधत बसलं की वाचणारा हरवतो. पुस्तक इतिहासाचं येवो की स्वयंपाकाचं, नियम तेच.

"आणि ज्याला नियमच नाही असं काही आलं तर?" पंचफुलानं विचारलं होतं.

"त्यातला मजकूर जसाच्या तसा जाऊ द्यायचा. गाळायचा नाही. आपण गाळलं तर वाचणाऱ्याला कळतही नाही की काही गेलं. आणि एक, आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

तिला हा माणूस आधी कडक वाटला. पुढं पुढं कळलं की कडक नाही, काळजीचा आहे. नवरा कावीळ होऊन गेल्यावर पंचफुलाला कामाची गरज होती. मॅट्रिक झालेली होती, एवढीच शिदोरी. घरी, नागपुरातल्याच इंदोऱ्याला, सासू पार्वतीबाई. दोघी विधवा एका चुलीवर. त्या घरातून रोज सकाळी ती निघे आणि दिवसभर टोचणीच्या टकटकीत बसे. तिला ते काम आवडायला लागलं. आपण टोचलेलं कोणीतरी, कुठंतरी, बोटांनी वाचत असेल, हे मनात आलं की तिला बरं वाटे.

चौऱ्याहत्तर साली देवकी आली.

देवकी खापा गावची, कोष्ट्याची मुलगी. बाप हातमागावर बसायचा. लहानपणी देवी निघाल्या आणि तोंडावर वण ठेवून, डोळे घेऊन गेल्या. शाळा इथंच शिकली, आणि आता मुलींच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या इतिहासाच्या पुस्तकाचं काम पंचफुलाकडे आलं. पुस्तक प्राचीन विदर्भाचं, रामटेकचे वाकाटक राजे वगैरे. पहिला खंड टोचून दिला आणि चारच दिवसांत देवकी काठी आपटत विभागात हजर.

"ताई, तुमचं पुस्तक चांगलं हाये, पण ते सारखं 'पाहा' म्हणते."

"म्हणजे?"

"दानपत्राच्या मजकुरासाठी अमुक ग्रंथ पाहा. वंशावळीसाठी तमुक ग्रंथ पाहा. मी कुठं पाहू? होस्टेलच्या पोरी जातात लायब्ररीत. एखादी वाचून दाखवते, एखादी म्हणते उद्या. मले त्या उद्याचा कंटाळा आला."

पंचफुला त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये तोच विचार करत होती. तिनं स्वतः ते सगळे 'पाहा' इमानानं टोचले होते. प्रत्येक वेळी त्या मुलीला एका बंद दारापाशी नेऊन सोडलं होतं आणि तिला ते जाणवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आनंदरावांना म्हणाली, "सर, ज्या पुस्तकात पाहा म्हणलं आहे, ते पुस्तकच आपण लायब्ररीतून आणलं तर? तेवढाच उतारा घ्यायचा आणि 'पाहा'च्या जागी टोचायचा."

आनंदराव तिच्याकडे वळले. "आणि त्या उताऱ्याला नियम कोणते लावणार?"

"हेच. आपले."

"बघा लावून," ते म्हणाले. नवं काही करायचं म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उजळे, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग पंचफुला लायब्ररीच्या चकरा घालायला लागली. जाडजूड ग्रंथ उसने आणी, उतारा शोधी आणि प्रेमानं टोचून टाकी. मथळा आला की मधोमध, परिच्छेद आला की दोन घरं. सगळं नियमात. आनंदरावांनी तपासलं, त्यांनाही कुठं खोट सापडली नाही. देवकीला खंड गेला आणि सगळे खूश झाले.

सहामाहीत देवकी इतिहासात नापास झाली.

ती आली तेव्हा रडत नव्हती. चिडलेली होती. खंड टेबलावर आदळून म्हणाली, "ताई, तुमी माझं पुस्तक मधातूनच कापलं."

झालं असं होतं. तिसऱ्या प्रकरणात एक 'पाहा' होता. तिथं पंचफुलानं बाहेरच्या ग्रंथातला उतारा घातला. त्या ग्रंथात त्या उताऱ्याच्या डोक्यावर 'प्रकरण चौथे' असं होतं. पंचफुलानं नियमाप्रमाणं ते मधोमध, वरखाली ओळ सोडून टोचलं. देवकीच्या बोटाला वाटलं, तिसरं संपलं, चौथं लागलं. कॉलेजातल्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की चौथं परीक्षेला नाही. तिनं तिथून पुढं वाचलंच नाही. तिसऱ्या प्रकरणाचा अर्धा भाग त्या पाहुण्या मजकुराच्या मागं पडून राहिला होता, आणि सगळे प्रश्न नेमके त्यातलेच आले.

"माझ्यामुळं नापास झाली तू," पंचफुला म्हणाली.

"एकट्या तुमच्यामुळं नाही," आनंदराव आपल्या खुर्चीतून म्हणाले. "मी तपासलं होतं. नियम चुकीचे नव्हते. पण घरच्या माणसाले जे लावायचं तेच आपण बाहेरून आलेल्याले लावलं." रागात किंवा दुःखात असले की त्यांच्या बोलण्यात बेसा यायचं.

देवकीचा राग उतरला. कोणी आपल्यासमोर चूक कबूल करावी, याची तिला फारशी सवय नसावी. ती स्टुलावर बसली. "मंग आता का करायचं, सर?"

"तूच सांग. वाचणारी तू आहेस."

देवकीनं विचार केला. "आमच्या घरी पाव्हणा आला ना सर, तर माय त्याले सतरंजी टाकून ओसरीत बसवते. तो दिसते बी सगळ्याइले, अन् कळते बी का हा घरचा नोहे. तसं त्याले जरा बाजूले बसवा."

त्या दुपारी तिघांनी बसून नवे नियम केले. बाहेरून आणलेला सगळा मजकूर डाव्या कडेपासून थोडा आत बसवायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, म्हणजे कडेला बोट फिरवलं तरी समजेल. सुरू होताना एक खूण, संपताना दुसरी. आधी सांगायचं, हा कोणत्या ग्रंथातून आला. त्याचा मथळा कितीही मोठा असो, इथं तो एक पायरी खाली उतरणार. तिकडचं प्रकरण इकडे पोटमथळा. आणि पान क्रमांक त्याच्या मूळ ग्रंथाचा, पण त्याच्याआधी एक अक्षर, म्हणजे आपल्या पानांशी गल्लत नको.

देवकी प्रत्येक नमुन्यावर बोट फिरवी आणि म्हणे, "जमलं," किंवा "नाही जमलं, पुन्हा टोचा." पंचफुला पुन्हा टोची. आनंदराव मधूनच चहा सांगत.

त्यानंतरचे महिने पंचफुलाला आयुष्यात विसरता येण्यासारखे नव्हते, आणि सांगायला गेलं तर त्यात घडलं काहीच नव्हतं. ती लायब्ररीतलं पुस्तक मोठ्यानं वाची, शेजारी आनंदराव टोचलेल्या पानावर बोट चालवत. तिचा आवाज आणि त्यांचं बोट बरोबरीनं चालत. बोट अडलं की ती थांबे. काही दिवसांनी असं व्हायला लागलं की बोट अडायच्या आधीच तिला कळे, आता अडणार.

एकदा एका उताऱ्याच्या तळटीपेत पुन्हा 'पाहा' निघाला. तो ग्रंथ तिनं खटपटीनं मिळवला. त्यातला उतारा उघडला, तर तिथं लिहिलं होतं, अधिक माहितीसाठी पाहा, आणि पुढं देवकीच्याच पुस्तकाचं नाव.

"सर, हे तर फिरून आपल्याच घरी आलं."

आनंदरावांना क्षणभर कळलं नाही. कळलं तसे ते हसायला लागले. असे हसले की त्यांना काळा चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना इतकं मोकळं हसताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. "म्हणजे आपण टोचतच राहू, बाई! या पाव्हण्यानं तो आणला, त्यानं आपल्यालाच बोलावलं! मरेपर्यंत टोचू आपण." मग गंभीर होऊन म्हणाले, "लिहा नियम. पाव्हण्यानं आपल्यासंगं पाव्हणा आणायचा नाही. एकच पायरी. पुढचा 'पाहा' नुसता टीपेत सांगायचा."

त्या दिवशी घरी भाकरी थापताना पंचफुला आपल्याशीच हसली. पार्वतीबाईनं विचारलं, "का झालं वं?"

"काही नाही, आत्याबाई. सर हसले आज."

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईनं डब्यात आंबाडीची भाजी जास्तीची भरली. "त्याच्या घरी कोण रांधते?" तिनं विचारलं.

"ते स्वतःच."

"हात नाही भाजत?"

"एखाद्या वेळी भाजत असतील."

"मंग घेऊन जाय," पार्वतीबाई म्हणाली.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा उत्तरेकडच्या एका मोठ्या ब्रेल छापखान्याचं पत्र आनंदरावांना आलं. तिथं यंत्रावर पुस्तकं छापत. नागपूरच्या खोलीत वर्षभर टोचून जेवढं होई तेवढं तिथं आठवड्यात निघत असे. त्यांना मराठी जाणणारा माणूस हवा होता. कचेरीतले ताराचंद ते पत्र घेऊन आले आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पगार, राहायची जागा, सगळं.

पंचफुला पलीकडच्या टेबलावर वाकाटकांचं एक दानपत्र टोचत होती. तिचे हात थांबले नाहीत. थांबले असते तर टकटक थांबली असती, आणि ती थांबलेली आनंदरावांना ऐकू गेली असती.

"मंग का म्हणता, सर?" ताराचंदांनी विचारलं. "लिहू का होकार?"

आनंदराव मान वळवून म्हणाले, "पुढच्या महिन्यात जातो म्हणतो मी. इथं आता थांबण्यासारखं काय आहे?"

टकटक चालूच राहिली. पंचफुलानं पान संपवलं, गठ्ठ्यात ठेवलं. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून त्या दिवसांत पानं तपासायच्या आधीच देवकी घेऊन जाई आणि आनंदराव मागाहून पाहत. ते पानही तसंच गेलं.

दोन दिवसांनी देवकी आली. आनंदराव आतल्या खोलीत होते. देवकीनं आवाज खाली आणला.

"ताई, एक पान समजून नाही राहिलं."

"कोणतं?"

देवकीनं पान पसरलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. "'...राजा आज्ञा देतो की, हे गाव त्याच्या सीमांसह, त्यातील शेते व झाडे यांसह दान दिले असून, पुढच्या महिन्यात जातो म्हणतो मी, इथं आता थांबण्यासारखं काय आहे.'" तिनं मान वर केली. "हा राजा कुठं जाऊन राहिला, ताई?"

पंचफुलानं हात पुढं केला, पण देवकीनं पान सोडलं नाही.

"अजून हाये. 'नका जाऊ.'" देवकी थांबली. "अन् पुढं पुन्हा, 'नका जाऊ.' अन् मंग राजा सुरू."

हसू देवकीच्या ओठावर आलं होतं, ते तिथंच विरलं. पंचफुलाचा श्वास तिनं ऐकला असावा. तिनं हात चाचपत पंचफुलाचं मनगट धरलं.

"सर जाऊन राहिले का, ताई?"

"हो."

"अन् त्याइले तुमी सांगितलं नाही, हे?"

"मी कोणालेच सांगितलं नव्हतं, देवकी. मलेच माहीत नव्हतं का मी टोचलं म्हणून."

मनगट न सोडता देवकी म्हणाली, "चुकलेलं पान सरांले दाखवा लागते ना? मी दाखवू का?"

"नको," पंचफुला म्हणाली. "चूक माझी आहे. मीच दाखवते."

आतल्या खोलीत आनंदराव खिडकीपाशी बसले होते. बाहेर ऊन भाजत होतं आणि खिडकीला लावलेला वाळ्याचा पडदा नुकताच भिजवलेला होता. पंचफुला दारात उभी राहिली.

"काय आहे, बाई?"

"एक पान चुकलं, सर. उताऱ्याच्या मधात बाहेरचं आलं. खूण न करता."

"असं कसं झालं? आणा."

तिनं पान त्यांच्यापुढं ठेवलं आणि त्यांचं बोट उचलून त्या ओळीवर नेलं. असं ती पूर्वी कधी करत नसे. बोट चालायला लागलं. शेते, झाडे, दान. मग थांबलं. मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"हे माझं वाक्य आहे," आनंदराव म्हणाले.

"हो."

बोट पुढं सरकलं. पुढच्या दोन शब्दांवरून गेलं, आणि पुन्हा त्याच दोन शब्दांवरून गेलं. त्यांचा हात तिथं पडून राहिला.

"आणि हे कोणाचं?"

"माझं."

"मूळ ग्रंथात नाही."

"नाही."

"आपल्या पदरचं घालायचं नाही, असं मी शिकवलं होतं." हे त्यांनी कडक आवाजात म्हणायचा प्रयत्न केला, पण तो आवाज त्यांना साथ देईना.

"चुकलं, सर. पान पुन्हा टोचते." तिनं पान ओढलं. त्यांनी ते दाबून धरलं.

"टोचा. पोरीची परीक्षा आहे. पण आधी एवढं सांगा, हे नुसतं हाताकडून झालं, का खरं आहे?"

पंचफुलानं पान सोडलं. "खरं आहे."

वाळ्याचं पाणी टपटपत होतं. आनंदराव म्हणाले, "त्या दिवशी ताराचंद माझ्या डाव्या हाताला उभा होता. तुमच्या ध्यानात आलं नाही?"

"काय?"

"थांबण्यासारखं काय आहे, हे मी उजवीकडे तोंड करून विचारलं होतं. तुमच्या टेबलाकडे. ताराचंदला वाटलं असेल, हा भिंतीशी बोलते." ते थांबले. "तुमी काहीच बोलल्या नाही. टकटक चालूच राहिली. म्हणलं, चला, उत्तर मिळालं."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि दारामागं उभ्या असलेल्या देवकीनं एक लांब सुस्कारा सोडला तेव्हा दोघांना कळलं की ती तिथंच होती.

पण गोष्ट एवढ्यावर सुटण्यासारखी नव्हती. आनंदराव बेशाचे कुणबी, पंचफुला इंदोऱ्याची, छप्पन साली बापाचं बोट धरून पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर गेलेली, बौद्ध झालेली. दोन्हीकडचे लोक बोलणार होते. त्याचं तिला फारसं भय नव्हतं. भय वाटत होतं ते पार्वतीबाईचं. आपण उठून गेलो तर ती म्हातारी कोणाच्या तोंडाकडे पाहून जगणार? लेक गेला, आता सूनही जाणार? महिनाभर पंचफुला गप्प राहिली. आनंदरावांनीही घाई केली नाही. त्यांनी फक्त छापखान्याला नकार कळवला.

शेवटी एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिनं सगळं सांगून टाकलं. पार्वतीबाई खडे वेचत राहिली. सूप झटकलं, पुन्हा वेचायला लागली.

"आंबाडीवालाच ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मले माहीत होतं." मग सुपाकडेच पाहत म्हणाली, "मी म्हणलं, माझं पोरगं गेलं तवाच तू जाशीन. तू राहिली. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? जाय तू." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

पंचफुलानं हे आनंदरावांना सांगितलं. पुढच्या रविवारी दारासमोर रिक्षा थांबली. धुतलेला सदरा घालून आनंदराव उतरले, देवकीच्या खांद्यावर हात ठेवून. दोघंही आंधळे, आणि रिक्षावाला त्यांना गल्लीतून वाट सांगत होता. आजूबाजूची दारं उघडली. आनंदराव आत येऊन खाटेवर बसले आणि पार्वतीबाईचा आवाज कुठून येतो त्या बाजूला वळले.

"माय, मी तुमच्या सुनेले मागाले नाही आलो," ते म्हणाले. "मी तुमाले मागाले आलो. तुमी माझ्या घरी राहाले या. दोन खोल्या आहेत. तुमी आल्या तर सून तुमच्यासंगं येईनच."

पार्वतीबाई उंबऱ्यापाशी उभी होती, तिथंच खाली बसली. देवकी म्हणाली, "हो म्हणा ना, आजी. आंबाडीची भाजी मलेबी भेटन."

"तू कोण वं?"

"मी वाचणारी," देवकी म्हणाली.

लग्न नोंदणी करून झालं. बेशाहून मोठा भाऊ आला नाही, त्याच्या घरचं कोणीच आलं नाही. धाकटा लहानू आला, एका टोपल्यात वावरातली वांगी घेऊन. सही करून झाल्यावर तो भावाच्या गळ्यात पडला आणि काही न जेवता संध्याकाळच्या बसनं परत गेला. वस्तीतल्या विहारात बायकांनी वंदना घेतली, खीर केली. निकाल लागला तेव्हा देवकी दुसऱ्या वर्गात पास होती. तिच्या बापानं खाप्याहून आपल्या मागावरचं लुगडं पाठवलं, पंचफुलासाठी नाही, पार्वतीबाईसाठी.

शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत आता तिघं राहत. पहिले काही दिवस भांडणात गेले. आनंदरावांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याची जागा ठरलेली होती, आणि पार्वतीबाईनं आल्याआल्या सगळं आपल्या सोयीनं लावून टाकलं. दुसऱ्याच सकाळी आनंदरावांनी चहात मीठ घातलं. तोंडात घेतलं, आणि बिचारे काही न बोलता प्यायले. पार्वतीबाईला कळलं तेव्हा ती खजील झाली, पण डबे काही हलवीना. "माझा हात तिथं नाही पोचत," ती म्हणे.

मग पंचफुलानं जाड कागदाच्या पट्ट्या टोचल्या आणि डब्यांना चिकटवल्या. पार्वतीबाई तिच्यामागं उभी राहून पाहत होती. तिनं जन्मात शाळा पाहिली नव्हती. सहीच्या जागी अंगठा उठवायची. छापलेलं अक्षर समोर आलं की तिला ते सगळं सारखंच काळं दिसे.

"हे का लिवलं?" तिनं विचारलं.

"मीठ."

"कुठं हाये मीठ?"

आनंदराव खुर्चीवरून उठून आले. त्यांनी पार्वतीबाईचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. भाकरी थापून थापून जाड झालेलं बोट. "हे पहिलं घर. म. मोजा टिंबं, दाबू नका, नुसतं फिरवा. हे वेलांटीचं. अन् हे ठ."

पार्वतीबाईनं डोळे मिटून घेतले. बोट पुन्हा मागं नेलं आणि सावकाश पुढं आणलं. तिचे ओठ हलले.

"मी... ठ," ती म्हणाली.

मग तिनं तो डबा बाजूला सारला आणि शेजारचा साखरेचा पुढ्यात ओढला.

"अन् हा का म्हणते?"